दीपालीनं सोडलेली मोकळी जागा

“म्याडम, सगळं बरोबर आहे, तरी चालत नाही.”

आज सकाळी मोबाईलवर हे वाक्य आलं आणि त्याखाली स्क्रीनचा तिरका काढलेला फोटो. पाठवणारी कापूरहोळची मुलगी, वडलांचं हायवेला पंक्चरचं दुकान, नुकतीच माझ्याकडे पायथन ही संगणकाची भाषा शिकायला लागलेली. मी वेल्ह्याला माहेरच्या पडवीत बसले होते. समोरच्या खाचरात भाऊ चिखलणी करत होता. पॉवर टिलरचा आवाज मधेच दबायचा, मधेच अंगावर यायचा. तोरणा कित्येक दिवस ढगात आहे; तो तिथंच आहे हे आम्ही सवयीनं धरून चाललोय. चिखलाचा तो ओला, थोडा कुजका, थोडा गोड वास पडवीपर्यंत येत होता. फोटो मोठा करून बघायचीसुद्धा गरज नव्हती. तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला मोकळी जागा सोडायला ती विसरली होती.

उत्तर एका ओळीचं आहे. भातलावणीच्या दिवसांत दर वर्षी मी ते कुणाला ना कुणाला पाठवते. वर्ग जूनमध्ये सुरू होतात. नव्याचे नऊ दिवस संपायला आणि लावणी सुरू व्हायला एकच गाठ पडते. आणि दर वर्षी ते उत्तर लिहिताना माझं बोट थांबतं. आजही थांबलं. चहा गार झाला. भावानं खाचरातून हाका मारल्या, त्याला वाटलं मला बसल्या जागी झोप लागली.

पायथन सोपी आहे अशी आवई ज्यांनी कुणी उठवली, त्यांना एकदा या दिवसांत भोरला आणून माझ्या जागी बसवायला हवं. सोपी आहे, खोटं नाही. पण तिची तऱ्हा नव्या सुनेला सासर कळावं तशी कळते. आधी कुणी काही सांगत नाही आणि चुकलं की सगळे वळून बघतात. ओळीच्या शेवटी दोन टिंबं द्यायची राहिली की बाईसाहेब अडून बसल्या. बरोबरचं चिन्ह एकदा काढलं तर त्याचा अर्थ ‘ठेव’, दोनदा काढलं तर ‘सारखं आहे का बघ’. मोजायला लागली की शून्यापासून. मोबाईलवरून उचललेलं अवतरणचिन्ह जरासं वाकडं असलं तर ती ओळखसुद्धा दाखवत नाही. चूक असते एका ओळीत आणि बोट दाखवते पुढच्या ओळीकडे, त्यामुळे शिकणारं पोर धडधाकट ओळीलाच खोडत बसतं. आणि सगळ्यांत कहर म्हणजे ही मोकळी जागा. बाकीच्या बऱ्याच भाषा लिहिलेल्याशी मतलब ठेवतात. ही न लिहिलेलंही वाचते.

काही वर्षांपूर्वी माझा भोरचा वर्ग होता एस.टी. स्टँडजवळ, खताच्या दुकानावरच्या खोलीत. खाली युरियाची पोती, वर आम्ही. जिन्यात खताचा वास आणि खोलीत ओल्या छत्र्यांचा. लाईट गेली की सगळी पोरं खिडकीशी जमायची आणि खाली चिखलात रुतलेल्या टेम्पोला वरून सल्ले द्यायची. माझा आवाज त्या काळात कायम बसलेला असायचा. ‘आत ढकल, ओळ आत ढकल’ हे मी दिवसाकाठी इतक्या वेळा म्हणायचे की खालचे दुकानदार मला गमतीनं विचारायचे, वर काय गुरं बांधलीत का.

दीपाली त्या वर्गात होती. हिर्डोशीची. कॉलेज सुटलं की यायची आणि शेवटच्या गाडीच्या वेळेपर्यंत बसायची. हिर्डोशी वरंध घाटाच्या अंगाला. धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं रस्ता जातो, गाड्या मोजक्या आणि पावसाळ्यात त्यांचाही भरवसा नाही, त्यामुळे तिचं अर्धं लक्ष पडद्यावर आणि अर्धं स्टँडवरच्या घोषणेकडे. किडकिडीत, फाटक्या तोंडाची. चूक निघाली की बाकीची पोरं कानकोंडी व्हायची, ही भांडायला उठायची.

“म्याडम, मोकळ्या जागेत पन चूक काढती ही बया! जिथं काईच न्हाई, थितं काय चुकणार?”

“काही नाही असं तुला वाटतं. तिला दिसतं.”

“म्हंजी भूतबाधा हाय हिला,” ती म्हणाली, आणि अख्खा वर्ग हसला. मीही हसले. चांगली खळखळून हसले, ते आठवतं.

तिच्या चुलत्यानं पुण्याहून एक जुना लॅपटॉप आणून दिला होता. बिजागरी ढिली, घड्याळ कायम चुकलेलं, आणि त्यावर ती जिथं प्रोग्रॅम लिहायची तिथं देवनागरी अक्षरं दिसायचीच नाहीत. प्रत्येक अक्षराच्या जागी एक रिकामा चौकोन. तिला त्याचं काही नव्हतं. मराठी मजकूर मोबाईलवर लिहायची आणि इथं आणून चिकटवायची. चौकोन तर चौकोन. त्यावर ती अभ्यासाबाहेरचं काहीतरी करत होती. मी मान वाकडी करून बघायला गेले की झाकण खाली.

“झालं की दावते, म्याडम. गंमत हाय.”

त्या लावणीत दीपालीला पान लागलं. आमच्याकडे साप चावला असं म्हणत नाहीत, त्याचं नाव घ्यायचं नसतं. बांधावरून रोपांच्या मुठी नेत होती. पावसानं रस्त्यावर माती आली होती, गाडी मिळून भोरला पोचेपर्यंत सगळं संपलं. मला दुसऱ्या दिवशी वर्गातल्या मुलींनी सांगितलं. मी ‘बरं’ म्हणाले आणि फळ्याकडे वळून लिहायला लागले. काय लिहिलं ते आठवत नाही. नंतर किती तरी दिवस तिच्या खुर्चीवर कुणी बसेना, आणि मीही कुणाला बस म्हटलं नाही. खोलीत जागेची ओढाताण होती तरी.

वर्ष सरत आलं. पुन्हा लावणी तोंडावर आली आणि एक दिवस भर दुपारी एक बाई जिना चढून वर आल्या. पदर डोक्यावर, अंगावर खताच्या प्लास्टिकची खोळ, काखेत कापडी पिशवी. दारातच थांबल्या. चपला काढल्या आणि पाय कुठं पुसावेत ते शोधत राहिल्या.

“तुमीच का म्याडम? म्या दीपालीची आय. सुनंदा.”

पिशवीतून त्यांनी तो लॅपटॉप काढला. आधी प्लास्टिक, मग टॉवेल, मग दीपालीची ओढणी, इतक्या गुंडाळ्यांतून. तो टेबलावर ठेवून त्यावर हात ठेवून त्या बसल्या. पाणी दिलं, ते घेतलं नाही. मग एकदम बोलल्या.

“दहाव्याला कावळा शिवला न्हाई, म्याडम.”

धरणाच्या कडेला पिंड मांडला होता. कावळे होते, झाडभर होते. बापानं सांगून बघितलं, धाकट्याला शिकवीन. मामानं सांगितलं, तुझ्या आईकडं बघीन. मैत्रिणींनी सांगितलं, तुझी पुस्तकं कुणा गरजूला देऊ. एक कावळा उतरला, जवळ आला, मान तिरकी करून पिंडाकडे बघितलं आणि उडून गेला. पाऊस वाढला. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे घरी आले. बाकीच्यांचं समाधान झालं. सुनंदाताईंचं झालं नाही.

“तवापासनं डोस्क्यात किडा हाय. काय ऱ्हायलं आसंल तिचं? समद्यांनी समदं बोलून बघितलं, पर जे ऱ्हायलंय तेच कुणी बोललं न्हाई. मग ध्यानात आलं. ती म्हणली हुती, आये, तुझ्यासाटी एक गंमत करतीय, झाली की दावीन. ती ह्यात हाय.” त्यांनी लॅपटॉपवर तळवा थोपटला. “भोरच्या एका पोरानं चालू करून बघितली. तांबड्या अक्षरात कायबाय येतंय, चालत न्हाई. वरीस सरायच्या आत ती चालाया पायजे.”

मी म्हणाले, “ठेवून जा. संध्याकाळपर्यंत करून देते.”

त्यांनी लॅपटॉप आपल्याकडे ओढला. “न्हाई. तिच्या लिवण्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा न्हाई मला. तुमी मला शिकवा. म्या करीन.”

खरं सांगायचं तर मला राग आला. शाळा नववीत सुटलेली, इंग्रजी अक्षरं एकेक करून लावणारी बाई, आणि लावणी डोक्यावर. मी म्हणाले, महिने लागतात याला. त्या म्हणाल्या, “बरं.” म्हणजे मला वाटलं त्या जाणार. त्या दीपालीच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. त्यांना कुणी ती खुर्ची दाखवली नव्हती.

आमच्या भिंतीवर एक चित्र लावलेलं होतं, पायथनची खूण, निळा आणि पिवळा असे एकमेकांत गुंतलेले दोन साप. मी रोज बघत होते आणि बघतही नव्हते. पहिल्याच दिवशी त्या मान वर करून त्याकडे बघत बसलेल्या दिसल्या आणि तेव्हा कुठं ते चित्र कशाचं आहे ते मला दिसलं. पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. जुन्या मुलींना सगळं माहीत होतं.

“ह्यो अजगर न्हवं?”

“हो. भाषेचं नाव आहे ते.”

“अजगराला ईख नसतं,” त्या म्हणाल्या आणि पडद्याकडे वळल्या. संध्याकाळी मी ते चित्र काढलं. भिंतीवर त्याच्या जागी एक उजळ चौकोन राहिला, तो चित्रापेक्षा जास्त डोळ्यांत यायला लागला. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलंच, “चित्र कुठं गेलं? चांगलं हुतं की.”

सरावासाठी मी त्यांना वर्गातला संगणक दिला. पहिला धडा सगळ्यांचा असतो तोच, आपलं नाव पडद्यावर आणायचं. बराच वेळ खटपट करून त्यांनी ते लिहिलं आणि चालवलं. चूक. पहिल्याच ओळीत चूक. मी जाऊन बघते तर सगळ्यांत वर त्यांनी दोन उभ्या दंडांच्या मधे ‘श्री’ काढला होता. कुठलंही लिखाण त्याशिवाय सुरू कसं करायचं? पोरी हसल्या. त्यांना मात्र ते चांगलंच लागलं.

“शिरीत काय चुकलं? देवाच्या नावात चूक काढती व्हय ही?”

मी त्यांना जाळीसारखं ते चिन्ह दाखवलं. दोन आडव्या, दोन उभ्या रेघा. हे ज्या ओळीच्या आधी असतं ती ओळ मशीन वाचत नाही, ती माणसांसाठी असते. त्यांनी ते चिन्ह ‘श्री’च्या आधी काढलं, पुन्हा चालवलं, आणि नाव आलं. सुनंदा. त्या आपल्या नावाकडे बघत राहिल्या.

“म्हंजी देवाला दिसतंय, हिला न्हाई,” त्या म्हणाल्या. पुढं प्रत्येक वेळी पहिली ओळ तीच असायची.

कुणाला वाटेल की बाई शांत, सोशीक वगैरे होत्या. अजिबात नाही. “काल चाललं, आज चालंना. काल म्या येगळी हुते का?” असं म्हणून त्यांनी एकदा कीबोर्डवर असा हात आपटला की एक बटण उडून टेबलाखाली गेलं. मीही त्या दिवशी फाडकन बोलले. त्या उठून गेल्या. चार-पाच दिवस आल्या नाहीत. मी जिन्यावर पाऊल वाजलं की मान वर करायचे. मग आल्या, वर्गातल्या पोरींसाठी नाचणीचे लाडू घेऊन आल्या आणि माझ्याशी न बोलता कामाला लागल्या. लाडू मलाही ठेवला होता.

आता हे लिहिताना समोरचा टिलर बंद झालाय. भाऊ हातपाय धुऊन पडवीत आला आणि म्हणाला, अजून मोबाईलच घेऊन बसलीस? मी त्या कापूरहोळच्या मुलीला उत्तर पाठवून टाकलं. लगेच ‘चाललं!’ आलं आणि मागोमाग नाचणारं चित्र. तिला बिचारीला काय माहीत. ती आनंदात आहे हे बघून मला बरं वाटलं, आणि मी मोबाईल पालथा ठेवला.

दीपालीचा प्रोग्रॅम आम्ही उघडला तेव्हा बाहेर धो धो पाऊस होता. झाकण वर केलं आणि पडदाभर ते रिकामे चौकोन. रांगाच्या रांगा. मधेमधे इंग्रजी शब्द आणि त्यांच्या आसपास चौकोनच चौकोन. तिनं आईसाठी जे काही लिहिलं होतं ते सगळं तिथं होतं आणि त्यातलं एक अक्षर दिसत नव्हतं. मी म्हणाले, माझ्या संगणकावर घेते, तिथं मराठी नीट दिसेल, निदान काय लिहिलंय ते तरी वाचता येईल तुम्हाला. सुनंदाताईंनी माझा पुढं झालेला हात बाजूला सारला.

“तिनं चालवून दावायचं ठरिवलं हुतं. तसंच बघीन.”

मला मोह झाला नाही असं नाही. त्या चहाला खाली गेल्या की लॅपटॉप माझ्यासमोर उघडा असायचा. मी हात मांडीवर ठेवून बसायचे.

एका ठिकाणी ते जाळीचं चिन्ह होतं आणि पुढं इंग्रजी अक्षरांत तिनं स्वतःसाठी लिहिलं होतं, ‘हे नंतर बघू’. सुनंदाताईंनी एकेक अक्षर लावत ते वाचलं. मग परत वाचलं. मी खिडकीकडे बघायला लागले.

चुका एकेक करून निघत गेल्या. त्यांनी मात्र एकदाही ‘तिची चूक’ असं म्हटलं नाही. एका ओळीच्या शेवटी दोन टिंबं नव्हती. “गाडीची टायम झाली आसंल,” त्या म्हणाल्या आणि टिंबं दिली. एका जागी अवतरणचिन्ह वाकडं होतं. “लाईट गेली आसंल. मोबाईलच्या उजेडात केलं आसंल.” पुढं एक कंस उघडून मिटलाच नव्हता, आणि मशीन भलत्याच ओळीकडे बोट दाखवत होतं. बऱ्याच वेळानं आम्हाला खरी जागा सापडली. त्या कंसाकडे बघत त्या म्हणाल्या, “हितं म्या हाक मारली आसंल तिला. जेवाया.” आणि कंस मिटला. मी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधत आलेय. प्रत्येक चुकीमागं एक संध्याकाळ असते हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तेव्हापासून मला कुणाचीही चूक नुसती चूक म्हणून बघता येत नाही, आणि कामाच्या दृष्टीनं हे काही फार सोयीचं नाही.

शेवटी एकच उरलं. मोकळी जागा.

दीपाली हा प्रोग्रॅम थोडा वर्गात लिहायची, थोडा घरी. वर्गात मी शिकवल्याप्रमाणे खालची लांब पट्टी दाबून जागा सोडायची. घरी घाईनं डावीकडचं टॅबचं बटण दाबायची. एकदा दाबलं की ओळ आपोआप आत सरकते. डोळ्यांना दोन्ही जागा अगदी सारख्या. एक वर, एक खाली, रेघ धरावी तर रेघेत. मशीनला मात्र त्या दोन वेगळ्या जाती दिसतात आणि एकाच घरात दोन्ही ठेवून घ्यायला ते तयार नसतं. उपाय सोपा. ओळींच्या आधीची सगळी मोकळी जागा पुसायची आणि एकाच पद्धतीनं परत द्यायची.

मी हे सांगितलं. सुनंदाताईंचं बोट पुसायच्या बटणावर गेलं आणि तिथंच राहिलं.

“ही मोकळी जागा पन तिनंच ठेवलीया न्हवं?”

“हो.”

“टिंबं ऱ्हायली हुती, ती म्या दिली. ते ऱ्हायलेलं हुतं. ही न्हाई ऱ्हायलेली. ही तिनं सोडलीया. आपल्या हातानं. ती कशी पुसू?”

मशीनला कुणाचं बोट होतं ते कळत नाही, एक रिकामं दुसऱ्या रिकाम्याइतकंच रिकामं, असलं काहीतरी मी म्हणू शकले असते. पण त्या दिवशी मला स्वतःलाच ते पटत नव्हतं. त्यांनी झाकण लावलं, ओढणी गुंडाळली, टॉवेल गुंडाळला, प्लास्टिक गुंडाळलं आणि निघून गेल्या. त्यानंतर लावणी सुरू झाली. गावोगावची माणसं शेतात उतरली आणि माझा वर्ग निम्मा झाला.

ते दिवस मला फार जड गेले. वर्षश्राद्ध जवळ येत होतं आणि सुनंदाताई येत नव्हत्या. मला जिथंतिथं मोकळ्या जागाच दिसायला लागल्या. फळ्यावर दोन ओळींच्या मधे, भिंतीवर, स्टँडच्या बाकड्यावर दोन माणसांच्या मधे. वेल्ह्याला घरी आले तर खाचरात बायका ओळीनं वाकून रोपं लावत होत्या, आणि मी त्या ओळीत कोण नाही ते शोधत उभी राहिले. सगळ्या होत्या. तरी शोधत होते.

मग एका दुपारी त्या आल्या. हात सुजलेले, बोटांची कातडी पाण्यानं पांढरी पडलेली, नखांत चिखल. खुर्चीवर बसल्या आणि माझ्याकडे न बघता बोलल्या.

“काल लावणी उरकली आमची. तिची जागा माझ्या शेजारी आसायची. पयल्या दिवशी आमी समद्या जनी हुब्या ऱ्हायलो, आन् तेवढी जागा तशीच ऱ्हायली. कुणी सरकंना. म्या पन न्हाई सरकले. वळ तुटली. पुढं रोपं लागली आन् मधे तेवढा पट्टा नुसता पानी. दिसभर त्येच बघितलं म्या.” त्यांनी नखातला चिखल काढला. “दुसऱ्या दिवशी म्याच सरकले. तिच्या जागंवर हुबी ऱ्हायले आन् लावलं.”

एवढं बोलून त्यांनी लॅपटॉप उघडला. पहिली ओळ पुसली. पट्टी दाबली, पुन्हा दाबली, ओळ जागेवर आली. मग दुसरी. एका बोटानं, रोप दाबावं तसं दाबत. त्यांच्या तोंडातून आवाज नव्हता, पण ओठ हलत होते. वर्गातल्या मुली आपापलं काम सोडून मागं उभ्या राहिल्या. कुणीही मदत करायला पुढं झालं नाही. चौकोनांच्या ओळी हळूहळू एकाखाली एक येत गेल्या. शेवटच्या ओळीवरून त्यांनी एकदा बोट फिरवलं. मग तीही पुसली, आणि परत लावली.

“आता?”

“आता चालवा.”

तांबडी अक्षरं आली नाहीत. पडद्याच्या मधोमध एक लहानशी खिडकी उघडली, आणि तिथं चौकोन नव्हते. स्वच्छ मराठी अक्षरं होती.

‘आये, कुठं हायेस?’

सुनंदाताईंच्या तोंडून “हितं” असं निघून गेलं. खाली बटणं होती, प्रत्येकावर एकेका गावाचं नाव. मी म्हणाले, भोर दाबा. त्यांनी माऊस नेला आणि भोर दाबलं.

‘हिर्डोशीची गाडी गेली, आये. वडापच्या जिपनं खालच्या गावापत्तुर ये, थितनं चालत ये. घाबरू नको. मी फाट्यावर उभी हाय.’

बाहेर भर दुपार होती. पुढं आईच्या मोबाईलवर घालायचा असणार, पण आत्ता तो प्रोग्रॅम त्या लॅपटॉपचं घड्याळ बघून बोलत होता. ते कधीच बरोबर नसायचं, त्याच्या लेखी शेवटची गाडी निघून गेलेली संध्याकाळ होती, म्हणून ते तसं म्हणालं. मला ते लगेच कळलं. त्यांना मात्र मी ते सांगितलं नाही.

सुनंदाताई रडल्या नाहीत. बाजाराला आल्यावर गाडी चुकली की त्यांना अशीच मजल मारून घर गाठावं लागायचं, आणि तिकडं मोबाईलला रेंज नसल्यामुळे कळवायचं कसं हा प्रश्न. दीपाली आपली अंदाजानं बॅटरी घेऊन वाडीच्या अलीकडं, चालायच्या वाटेवरच्या फाट्यावर येऊन थांबायची. कधी कधी तासन् तास. हे त्यांनी आम्हाला सांगितलं, अगदी साध्या आवाजात, लॅपटॉप गुंडाळता गुंडाळता. “म्हनायची, तुला ठावं आसलं की म्या हाय, तर तू भेनार न्हाईस.”

मी त्यांच्याबरोबर स्टँडपर्यंत गेले. पाऊस भरून आला होता. हिर्डोशीची गाडी फलाटाला लागलेलीच होती, थेट त्यांच्या वाडीपर्यंत जाणारी, निम्मी रिकामी. मला हायसं वाटलं. त्यांना खिडकीशी जागा मिळाली. कंडक्टर ओळखीचा असावा, त्यानं न विचारताच म्हटलं, “मावशी, हिर्डोशी ना?”

“न्हाई. अलीकडच्या गावाचं द्या. थितनं चालत जायचंय.”

“अहो, गाडी थेट जातीय, आणि एवढा पाऊस...” मी खालून म्हणाले.

सुनंदाताईंनी पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि खिडकीतून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत रागही नव्हता आणि वेडही नव्हतं.

“गाडी फाट्यावर थांबत न्हाई, म्याडम. तशीच फुडं गेले, तर ती थितं हुबीच ऱ्हाईल.”